चाळीस पिशव्या आन् दोनशे दाणे

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ज्वारीचे दाणे मोजणं. प्रयागबाई, म्हणजे माझी बायको, ओट्यावर मांडी घालून बसल्ती. मधी सूप. मी पांढऱ्या पिशव्या एकेक उलटी करून सुपावर झटकून राह्यलो होतो. एका पिशवीतून पाच दाणे पडायला पाह्यजे होते. पिशव्या चाळीस. दाणे दोनशे व्हायला पाह्यजे, एवढं चौथी पास माणसालाबी येतं. भरले एकशे नव्व्याण्णव. परत मोजले, तेवढेच.

"तुमाला मोजता येत न्हाई," ती म्हणली.

"मंग तू मोज."

तिनं मोजले. एकशे नव्व्याण्णव. मंग म्हणली, "चहा टाकते," आन् गुडघ्यावर हात ठेवून उठली.

तो चहा काही झाला न्हाई. ते पुढं सांगतो. आधी ह्या पिशव्या कशाच्या ते सांगतो, न्हाईतर वाचणारा म्हणंल म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. ह्या पिशव्या आभाळात जाणार होत्या.

हे ज्या दिवाळी अंकात छापायचं त्या अंकाचे साहेब म्हणले, काका, धंद्याचा अनुभव लिहा, पण जन्मापासून सुरू करू नका. मी म्हणलं बरं झालं, जन्माचं मलाबी आठवत न्हाई.

बदनापूरला हमरस्त्याच्या कडेला आमचं ताडपत्रीचं दुकान, मागंच घर. ट्रकवर माल भरला की वरून जे जाड कापड झाकत्यात ती ताडपत्री. ती आमी शिवतो. दुकानात माणसं तीन, मशिनी तीन. मी, प्रयागबाई आन् गफूरभाई. गफूरभाई माझा तीस वर्षांचा भागीदार. भागीदारीत आमचं एकदाबी भांडण झालं न्हाई, कारण दोघांचंबी भांडण प्रयागबाईसोबत असायचं.

ह्या धंद्यातली एकच गोष्ट बाहेरच्या माणसानं ध्यानात ठेवावी. पाणी कापडातून येत न्हाई, सुईच्या भोकातून येतं. तुमी कितीबी भारी कापड आना, शिलाई मारली की तुमीच त्याला हजार भोकं पाडली. म्हणून कापडाची कड दोनदा दुमडायची आन् भोक आत लपवायचं. हे आमाला तिघांनाबी येत होतं. पण प्रयागबाईची दुमड अशी की दोऱ्याचं टोक शोधून सापडायचं न्हाई. तिला सही येत न्हवती, अंगठा होता. पण तलाठ्यानं हद्द आखली तरी इतकी सरळ येणार न्हाई. तलाठ्याची येतच न्हाई, पण म्हणायची पद्धत हाय.

घट्ट काम केल्यानं एकदा माझी फजिती झाली. एका गावात पुतळा बसला. गावाचं नाव लिहीत न्हाई, तिथं माझी सोयरीक हाय. पुढारी येऊन पडदा ओढणार होते. गावकरी म्हणले, पुतळ्याला असं झाका की वाऱ्यानं उडाय न्हाई पाह्यजे आन् लोकांना आधी दिसाय न्हाई पाह्यजे. मी बराबर झाकला. खाली पितळी कड्या लावल्या, दोरी ओवली आन् ट्रकची गाठ मारली. तो पडदा एका दोरीनं सुटला पाह्यजे, हे मला कोणी सांगितलं न्हाई. त्या दिवशी पुढाऱ्यानं दोरी ओढली. पडदा हलंना. मंग त्यांच्या संगतीच्या दोघांनी ओढली. मंग सरपंचानं. बँडवाले तेच तेच वाजवून थकले. शेवटी पुतळाच वाकायला लागला, तवा बायका ओरडल्या. गर्दीतून एक ट्रक डायव्हर वर आला, खाली बसला, दोन बोटांनी गाठ सोडली आन् परत जाऊन उभा राह्यला. दगडावर उद्घाटन करणाऱ्याचं नाव दुसरंच हाय. खरं मला ठाऊक हाय.

आता प्रयागबाईची खोड सांगतो, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच अडकली. आमच्याकडं शेजारणीचं भांडं वापस करताना रिकामं देत न्हाईत, चिमूटभर साखर तरी टाकत्यात. ही रीत सगळ्यांचीच हाय. पण प्रयागबाईनं ती दुकानात आणली. शिवलेली कोणचीबी वस्तू तिच्या हातून रिकामी जायची न्हाई. ताडपत्रीच्या घडीत पाच दाणे ज्वारी. पिशवीत पाच दाणे ज्वारी. ट्रकवाल्यांना आवडायचं. म्हणायचे, मावशीच्या ताडपत्रीखाली माल भिजत न्हाई. मी मात्र चाळीस वर्षं तिची टिंगल केली. "आपलं दुकान हाय का कणगी?" म्हणायचो. ती आपली दाणे टाकायची.

मंग आमी एका कंपनीला बियाण्याच्या नमुन्याच्या पिशव्या शिवून दिल्या. आठ दिवसांत त्यांचा मॅनेजर आला, तोंड लाल.

"बाजरीच्या नमुन्यात ज्वारी निघून राह्यली. आमच्या बियाण्यात भेसळ हाय असं कागदावर येतंय. ही ज्वारी येती कुठून?"

मी प्रयागबाईकडं बघितलं. ती मशीनीत दोरा ओवायला लागली. गफूरभाई म्हणला, "साब, मराठवाडे की मिट्टीच ऐसी है, कहीं भी ज्वार उगती."

कंपनीनं त्या दिवसापासून पिशव्या झाडून घ्यायला माणूस ठेवला, पण काम दुसऱ्याला दिलं न्हाई. अशी शिलाई दुसरीकडं मिळत न्हवती.

त्याच पिशव्यांमुळं आभाळ आमच्या दारात आलं. त्या कंपनीचं कसलं तरी बियाणं वरती प्रयोगाला जायचं होतं. ते पुण्याला गेलं आमच्या पिशवीत. तिथल्या एका मॅडमनं बियाणं राह्यलं बाजूला, पिशवीच उलटी करून बघितली. पंधरा दिवसांनी त्या दुकानात आल्या. नाव आर्या. वय माझ्या नातीएवढं.

"काका, ही शिलाई कोणी मारली?"

मी घाबरून म्हणलं, "काय निघालं आत?"

मॅडमनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. वरती आभाळात एक ठेसन फिरून राह्यलंय. तिथं माणसं राहत्यात. त्यांना खायला, कपडे, औजारं, सगळं खालून पोचवावं लागतं. पहिले सरकार सोताची गाडी बनवायचं, सोताच न्यायचं. मंग सरकारला कळलं की गाडी पाळण्यापेक्षा भाड्यानं बरी. म्हणून आता सरकार ठेका देतं. गाडी तुमची, डिझेल तुमचं, डायव्हर न्हाईच. आमचं एवढं वजन एवढ्या फेऱ्यांत वर पोचवा. आमाला पोचल्याशी मतलब. एवढं ऐकल्यावर मला सगळं कळलं. जिनिंगवाला कापूस असाच पोचवतो.

तर सरकारनं ठेका दिला एका बड्या कंपनीला. तिनं गाडीतल्या सामानाचं काम दिलं दुसरीला. तिनं पिशव्यांचं काम दिलं पुण्याच्या मॅडमच्या कंपनीला. मॅडमनी आणलं बदनापूरला. सरकार कोणच्या देशाचं, हे मी तीनदा विचारलं. मॅडम म्हणल्या, गोपनीय हाय. गफूरभाई म्हणला, "अपने गाँव की सड़क का ठेका भी ऐसाच है. आखिर में खड्डा कौन भरता, किसीको पता नै."

वरती सामान खोक्यात न्हाई नेत, पिशव्यांत नेत्यात. पांढरं जाड कापड, आत मऊ गादी, वरून चेन. कापड असं की जळत न्हाई. मॅडमनी काडी लावून दाखवलं. प्रयागबाईनं खालीवर करून बघितलं आन् विचारलं, "आन् सामान काढल्यावर पिशवीचं काय करत्यात?"

"मावशी, मग त्यात कचरा भरतात. गाडीत ठेवतात. गाडी खाली येताना हवेतच जळून जाते. सगळ्यासकट."

"म्हणजे न जळणाऱ्या कापडाची पिशवी, आन् शेवटी जाळायचीच?"

"वरती असताना जळू नये. येताना जळावी."

प्रयागबाईनं जरा विचार केला. "बराबर हाय," म्हणली. "जित्तेपणी जळू न्हाई, मंग जळावंच. आन् गाडी रिकामी येत न्हाई, भरून येती. तुमच्या लोकांना रीत कळती."

मॅडमला वाटलं मावशींना काम पटलं. मला तवाच कळायला पाह्यजे होतं की मावशींना कोणचं काम पटलं.

आमचं काम त्या टायमाला खाली आल्तं. तयार प्लास्टिकच्या ताडपत्र्या आल्या, आमच्याकडं लोकं ठिगळ लावायला तेवढे येत. हे काम टिकलं तर दुकान टिकणार होतं, न्हाई तर कुलूप. मी सगळं कबूल केलं. दुकानात मधोमध प्लास्टिकची खोली बांधली, धूळ येऊ न्हाई म्हणून. आत जाताना पांढरा अंगरखा, डोक्याला जाळीची टोपी. प्रयागबाई टोपीवरून पदर घ्यायची. मॅडम म्हणायच्या पदर आत, ती म्हणायची पदर वर. शेवटी पदर वर आन् त्याच्यावर दुसरी टोपी, असं ठरलं. गफूरभाईच्या दाढीला येगळी जाळी आली. त्यानं ती हातात धरून बघितली. "निकाह में सेहरा बांध्या था," म्हणला, "अब बुढ़ापे में दाढ़ी का निकाह करूं क्या?" पण बांधली. नमाजाला जाताना काढायची इसरला तवा मशिदीत लोकांनी विचारलं, दाढीला लागलं का काही.

पहिल्या दहा पिशव्या नमुन्याच्या. मॅडम सोता आल्या, हातात बॅटरी आन् भिंग. पहिली पिशवी उघडली, आत बॅटरी मारली. चिमट्यानं एक दाणा काढला. मंग दुसरा. पाच झाले. दुसऱ्या पिशवीत पाच. दहा पिशव्या, पन्नास दाणे, टेबलावर ओळीनं मांडले.

"काका, हे काय?"

"ज्वारी."

"ते दिसतंय मला."

मंग त्यांनी समजावून सांगितलं. वरती कोणचीच वस्तू खाली पडत न्हाई. दाणा सुटला तर फिरत राहणार. माणसाच्या नाकात जाईल, न्हाईतर पंख्यात, न्हाईतर मशिनीत. श्वासाची हवा करणारं मशीन बंद पडलं तर वरच्या माणसांनी काय करावं?

प्रयागबाई म्हणली, "पडत न्हाई तर हरवतबी न्हाई. धरून खातील."

"मावशी, प्लीज."

त्यांचा एक कागद असतो, परकी वस्तू सापडली की भरायचा. मॅडम म्हणल्या, काका, हा तुमीच भरा, तुमाला कळू द्या. मी भरला. वस्तू कोणची: ज्वारी. कुठून आली: बायको. पुन्हा येऊ नये म्हणून काय केलं: सांगून पाह्यलं. तो कागद म्हणं वर पार बड्या कंपनीपर्यंत गेला, आन् तिकडून विचारणा आली की 'बायको' ही कोणची मशीन हाय.

मॅडमनी माझी बाजू धरली, पण जाताना स्पष्ट बोलल्या. "काका, आता चाळीस पिशव्यांचा माल. त्यात एक दाणा सापडला तर माझ्या हातात काही राहणार नाही. काम दुसरीकडे जाईल." आन् म्हणल्या, पिशवीत पडलेला दाणा आमी तिकडं धूळ ओढताना काढूच, पण अस्तराच्या आत सरकला तर शिलाई उसवल्याबिगर कळायचं न्हाई. म्हणून माल देताना तुमी सही करायची, की आत काही न्हाई.

मी प्रयागबाईला मशीनीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. ती म्हणली, बरं.

महिनाभर आमी तिघं त्या प्लास्टिकच्या खोलीत शिवत होतो. चाळीस झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला टेम्पो येणार. दुपारी गफूरभाई घरी गेल्ता. मी पिशव्यांकडं बघून राह्यलो होतो, आन् सहज म्हणलं, "टाकले न्हाईस ना?"

ती पिशव्यांची थप्पी सारखी कराय लागली.

"टाकले का?"

"टाकले."

"कितीत?"

"सगळ्यांत."

मी जे बोललो ते छापण्यासारखं न्हाई. दुकान बुडवतीस, नातीएवढ्या मॅडमचं नाक कापतीस, वरच्या माणसांचा जीव घेतीस, असं सगळं. शेवटी म्हणलं, "कामून पण? कामून एवढा हट्ट? सांग तरी एकदा."

ती म्हणली, "दुष्काळात मायनं मला सासरी धाडलं, तवा घरात काही न्हवतं. हातात कापडी पिशवी देली, रिकामी. हात रिकामा दिसू न्हाई म्हणून. तुमच्या मायनं दारात माझ्या हातातून ती पिशवी घेतली, उलटी केली आन् समद्यांसमोर झटकली. म्हणल्या, सुनेनं बघा काय आणलं."

मला हे ठाऊक न्हवतं. मी म्हणलं, "मी कुठं होतो?"

"तिथंच. हसले होते."

मला आठवत न्हाई. मी लई आठवून पाह्यलं, अजूनबी पाहतो. पण ती खोटं बोलणारी न्हवती. मंग तिनंच सूप ओढलं, ओट्यावर मांडी घातली आन् म्हणली, "आना. झटका. त्या वरच्या लेकरांच्या नाकात नगं जायला."

म्हणून मी चाळीस पिशव्या तिच्या पुढ्यात उलट्या करून झटकल्या. एकशे नव्व्याण्णव भरले. पिशव्या परत चाचपल्या, अस्तर दाबून दाबून बघितलं. दोनशेवा दाणा न्हाई. ती म्हणली, "चहा टाकते. चहा पिऊन उसवून बघू." आन् आत गेली.

भांडं पडल्याचा आवाज आला. मी ओट्यावरूनच म्हणलं, "काय पाडलंस?" जबाब आला न्हाई. आत गेलो तर चुलीपाशी बसली होती, भिंतीला टेकून. डॉक्टर आल्ता, पण त्याला करायला काही राह्यलं न्हवतं. दिवस मावळायचा होता अजून. लेक आष्टीला दिलेली, तिला यायला टाइम लागणार. म्हणून सकाळी न्यायचं ठरलं.

सकाळी आठला टेम्पो आला. आर्या मॅडम उतरल्या, दारातल्या चपला बघितल्या आन् तिथंच थांबल्या. गफूरभाईनं त्यांना सांगितलं. त्या माझ्यापाशी येऊन खाली बसल्या. "काका, पिशव्यांचं राहू द्या. मी बघते तिकडं."

मी म्हणलं, "पिशव्या तयार हायेत. पण एक दाणा सापडत न्हाई. तो सापडल्याबिगर मी सही करणार न्हाई. सगळ्या उसवाव्या लागतील."

"काका, आज नको."

शेजारचा एक जण म्हणला, सुतकात माल द्यायचा नसतो. मी म्हणलं सुतक मला हाय, पिशव्या कालच्या हायेत.

आत बायका प्रयागबाईला अंघोळ घालून राह्यल्या होत्या. तेवढ्यात माझी लेक वल्ल्या हातानं बाहेर आली. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. तिनं माझ्यापुढं हात उघडला.

"आबा, मायच्या लुगड्याच्या ओच्यात हे होतं. कालचं लुगडं सोडलं तवा निघालं."

तळव्यावर ज्वारीचा एक दाणा.

मी हसलो. जोरात हसलो. दारातले सगळे माझ्याकडं बघाय लागले, कोणी तरी म्हणलं ह्यांना पाणी द्या. मोजताना मांडीवर उडाला असंल, आन् आमी दोघं पिशव्या चाचपून राह्यलो होतो. गफूरभाईला कळलं. त्यानं डोळे पुसले आन् म्हणला, "भाभी ने आखिर तक अपनीच चलाई."

मी मॅडमचा कागद घेतला. परकी वस्तू: काही न्हाई. खाली सही केली. गफूरभाईनं आन् टेम्पोवाल्यानं चाळीस पिशव्या उचलून ठेवल्या. आमच्या दुकानातून पहिल्यांदा माल रिकामा गेला. मॅडम काही टेम्पोसोबत गेल्या न्हाईत, बायकांत जाऊन बसल्या.

मंग शेजारची म्हातारी बाहेर आली. "दादा, सवाष्ण गेली. ओटी भरायची हाय, गहू आना."

मी आत जाऊन सूप आणलं.

"आवं, ज्वारी न्हाई चालत."

"चालती."

"आन् ओटी बायका भरत्यात."

"ही मी भरतो."

लेकीच्या तळव्यावरचा दाणा घेऊन सुपात टाकला. मोजायची गरज न्हवती, तरी सगळ्यांसमोर बसून मोजले. दोनशे भरले. ते तिच्या ओटीत ओतले, आन् वरून पदराची कड दोनदा दुमडली, तिच्या शिलाईसारखी, एकबी दाणा बाहेर पडणार न्हाई अशी.